तोड आली, भीती गेली: एका स्लॅशर मालिकेच्या फसलेल्या दुसऱ्या भागाचे प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले, एका स्लॅशरचे, म्हणजे मुखवटाधारी खुनी एकेकाला मारत जातो अशा भयपटाचे आहे. माणसांची, गावाची आणि चित्रपटाची नावे काढली आहेत. आकडे चित्रपट करणाऱ्या चौघांच्या टीमच्या हिशेबाच्या वहीतले आहेत. पहिला भाग ३ लाख ४० हजारांत झाला आणि चालला. दुसऱ्यावर १४ लाख गेले आणि तो पडला. पैसा वाढला की माणसे आळसावतात, असे एक उत्तर लगेच पुढे येते, पण इथे ते लागू नाही. दुसऱ्या भागाला या चौघांनी पहिल्यापेक्षा जास्त घाम गाळला. तो नेमका कुठे वाया गेला, एवढेच पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

टीम चौघांची: दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक आणि हिशेब, जेवण, गाड्या सगळे पाहणारा चौथा. चौघेही नाटकातले. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केले तेव्हापासून इथे नाटकवाल्या माणसाला तोटा नाही. रंगभूषाकार, आवाज लावणारे, रात्री अकराला बोलावले तरी चहाच्या बोलीवर येणारे नट, सगळे हाताशी मिळतात. पहिल्या भागाचे अर्धे भांडवल हेच होते.

गोष्ट साधी. उसाच्या फडात रात्री पाणी पाजायला गेलेली तीन मुले, आणि फडात आधीपासून असलेले कुणीतरी. त्याच्या तोंडावर बारदानाचा मुखवटा, हातात कोयता. चित्रीकरण ११ रात्रींत, ऑक्टोबरात, ऊसतोडीच्या बरेच आधी, एका मित्राच्या चुलत्यांच्या दोन एकरांत. सऱ्या, म्हणजे उसाच्या ओळींमधले चर, साडेचार फुटांच्या असल्यामुळे कॅमेरा खांद्यावर घेऊन माणूस आत जाऊ शकत होता. जुन्या पद्धतीच्या तीन फुटी सरीत ते जमत नाही. पाल्याने तोंड कापते आणि लेन्सला कुसळ चिकटते.

कॅमेरा जुना होता. १,६०० आयएसओच्या, म्हणजे कॅमेरा प्रकाश किती टिपतो त्या मापाच्या, वर गेले की चित्रात दाणे नाचायचे, म्हणून प्रकाश दिसेल तेवढेच दाखवायचे, बाकी काळे सोडायचे. दोन बॅटरीवरचे एलईडी, एक बांबूला उंच बांधलेला 'चंद्र'. तारखा अमावास्येच्या आगेमागे धरल्या होत्या, म्हणजे खरा चंद्र मध्ये यायला नको. मुखवटा सांगलीतल्या एका ज्येष्ठ रंगभूषाकाराने ७०० रुपयांत करून दिला: बारदान, मैद्याची खळ, वरून चुन्याचा हात. आत श्वासाला जागा कमी, त्यामुळे नटाचा श्वास पोत्यातून घरघरत बाहेर यायचा. तो आवाज कुणी ठरवून केलेला नव्हता. पण पहिल्या भागाबद्दल लोक काय बोलतात हे ऐकले तर दहातले आठ जण त्या श्वासाबद्दल बोलतात.

आवाजावर या भागात ३८ हजार खर्च झाले, म्हणजे एकूण खर्चाच्या ११ टक्के. सरीत तीन ठिकाणी छोटे माइक उसाच्या कांड्याला बांधून ठेवले होते. शिवाय एक गोष्ट टीम तिसऱ्या रात्री शिकली: पाचटाची सळसळ रात्री साधारण एक-दीडपर्यंतच मिळते. नंतर दव पडते, वाळलेला पाला मऊ होतो आणि माणूस चालला तरी आवाज येत नाही. म्हणून आवाजाचे काम आधी, चेहऱ्यांचे काम दोननंतर, असा क्रम लागला.

६८ मिनिटांचा हा भाग यूट्यूबवर टाकला. चार महिन्यांत ९ लाख वेळा पाहिला गेला. पहिला खून ३१ व्या मिनिटाला, मुखवटा पूर्ण दिसतो ५४ व्या मिनिटाला, एकूण खून चार. रक्त फारसे नाहीच. हे आकडे पुढे लागतील.

अडचण कुठून सुरू झाली

दुसऱ्या भागासाठी तासगाव भागातले एक बेदाणा व्यापारी पुढे आले. मराठीत असले काही होतेय याचे त्यांना खरेच कौतुक होते, आणि पैसे त्यांनी वेळेवर दिले, हेही लिहायला हवे. अटी तीन. चित्रपट थिएटरला लागला पाहिजे. एक गाणे पाहिजे. आणि, त्यांच्याच शब्दांत, "एवढे पैसे घातल्यावर माणसं मरताना तरी दिसू देत की, आवं. मागल्या खेपेला सगळा अंधारच."

या वाक्यावर टीमने बसून बोलायला हवे होते. पहिल्या भागातला अंधार हा कमतरतेपोटी आलेला आहे, असे व्यापाऱ्यांना वाटत होते, आणि दुर्दैवाने टीमलाही तसेच वाटत होते. त्यामुळे नव्या पैशाची यादी झाली ती मागच्या वेळी काय 'नव्हते' याची: चांगला कॅमेरा नव्हता, मोठे दिवे नव्हते, भारी मुखवटा नव्हता, ओळखीचा चेहरा नव्हता. मागच्या वेळी काय 'होते' याची यादी कुणी केली नाही. केली असती तर तीनच ओळी झाल्या असत्या: फड, सळसळ, पोत्यातला श्वास.

मुखवट्याबाबत टीममध्ये वाद झाला होता. दिग्दर्शकाने दाखला दिला 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा. त्या मालिकेत १९८१ च्या दुसऱ्या भागात खुन्याच्या डोक्यावर पोते आहे आणि प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा १९८२ च्या तिसऱ्या भागात येतो, म्हणजे मुखवटा बदलला तर मालिका मरत नाही. माहिती खरी, निष्कर्ष कच्चा. तिथे बदलून आलेला मुखवटाही बाजारात मिळणारी स्वस्त, टणक, निर्विकार वस्तूच होती. १९७८ च्या 'हॅलोविन'चेही तसेच: दुकानातून आणलेला रबरी मुखवटा, त्यावर पांढरा रंग. या मुखवट्यांवर काहीच लिहिलेले नसते, म्हणून पाहणारा आपली भीती त्यावर लिहितो. इथे ३८ हजारांचा सिलिकॉनचा मुखवटा आला. कपाळावर शिरा, गालावर जखम, वरच्या ओठाला चीर. सगळे आधीच लिहून ठेवलेले.

पाचवा दिवस

चित्रीकरण १४ दिवसांचे ठरले, डिसेंबरात. फड तोच, चुलत्यांचा. त्यांचा अंदाज होता की तोड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. मध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. आतल्या रानांत ट्रॅक्टर रुतू लागले, म्हणून साखर कारखान्याच्या शेतकी खात्याने रस्त्याकडेचे फड आधी घेतले. चुलत्यांचा फड नेमका डांबरीला लागून. पाचव्या दिवशी सकाळी ऊसतोड मजुरांची टोळी आली. टीम रात्रभर काम करून झोपली होती. जाग आली ती कोयत्यांच्या आवाजाने.

दिग्दर्शक बांधावर धावत गेला. "तात्या, आठ दिवस थांबा की. नुकसान भरून देतो."

तात्यांचे उत्तर असे: "टोळी काय माझ्या घरची हाय व्हय? आज परत लावली तर फेब्रुवारीत बी यायची न्हाय. वजन घटतंय, खोडवा मागं पडतोय, तुझा शिनेमा देतोय का भरून?"

ते बरोबरच होते; खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांना फुटणारे पुढचे पीक, तेही लांबते. पाळी चुकलेला फड पुन्हा क्रमात घुसवणे किती अवघड असते ते ऊस लावणाऱ्याला विचारावे. टीममधले चौघेही याच तालुक्यातले, तिघांच्या घरी ऊस. तरी चित्रीकरणाच्या तारखा ठरवताना कुणी चिटबॉयला, म्हणजे तोडीची पाळी पाहणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, एक फोन केला नाही. नटांच्या तारखा, कॅमेऱ्याचे भाडे, अमावास्या, सगळे पाहिले. कॅमेरा वेळेवर आला नाही तर दुसरा मिळतो. फडाला पर्याय नव्हता, आणि वेळापत्रकात सगळ्यात कमी विचार त्याचाच झाला होता.

समोरचे पर्याय

त्या सकाळी चहाच्या टपरीवर चार पर्याय निघाले.

पहिला, तीन किलोमीटरवर दुसरा फड. मालक १५ हजार मागत होता. अडचण जुळणीची, म्हणजे आधीचे आणि नंतरचे शॉट एकाच जागेचे वाटण्याची: तिथे सरी तीन फुटांची, आणि त्या उसाला तुरा आलेला. चार रात्रींच्या चित्रीकरणात तुरा कुठेच नाही. वरून घेतलेला एकही शॉट जुळला नसता. पण आतून, कमरेच्या उंचीवरून घेतलेले जुळले असते, आणि पहिल्या भागातले बहुतेक शॉट तसेच होते.

दुसरा, थांबायचे आणि पुढच्या हंगामात यायचे. टीव्ही मालिकांमध्ये काम करणाऱ्या एका नटाला चार दिवसांचे १ लाख २० हजार ठरले होते, त्यातले निम्मे दिलेले. ते बुडणार. शिवाय व्यापाऱ्यांनी थिएटरच्या तारखेबद्दल चारचौघांत सांगून ठेवले होते.

तिसरा, गोष्ट घरात न्यायची. गाण्यासाठी पाचगणीत एक बंगला दोन दिवस घेतलेलाच होता, तो सहा दिवस घ्यायचा. भाडे दिवसाला १५ हजार.

चौथा पर्याय हिशेब पाहणाऱ्या मुलाने बोलून दाखवला आणि त्यावर कुणी दोन मिनिटेही थांबले नाही. तो म्हणाला, फड काही आजच्या आज संपत नाही. हिशेब साधा होता. दोन एकर, अंदाजे १०० टन ऊस. टोळी १२ कोयत्यांची. इथे एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा-बायको. टोळी दिवसाला २० टनांच्या आसपास तोडते. म्हणजे पाच दिवस. दिवसा तोड चालेल, रात्री फड टीमचा, फक्त रोज रात्री तो लहान झालेला असेल.

लपायची जागा रोज पाचवा हिस्सा कमी होत जाते, आणि आत कुणीतरी आहे. स्लॅशरमध्ये याहून चांगली मांडणी मागून मिळत नाही. ती फुकट, दारात आली होती. पण टीमच्या डोक्यात तेव्हा जुळणी होती: काल उभा असलेला ऊस आज नाही, प्रेक्षक हसतील. प्रेक्षक हसले नसते. तोड ही त्या प्रेक्षकाच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे, त्याला एका ओळीत समजले असते. पटकथेत दोन संवाद घालावे लागले असते, इतकेच.

निवडला गेला तिसरा पर्याय. कारण तो 'ठरलेल्या तारखांत' बसत होता. दुपारी दोन टेम्पो भरले आणि टीम शंभराहून जास्त किलोमीटरवर पाचगणीला गेली.

प्रत्यक्ष काम, आणि काय काय बिघडले

बंगल्यात पोचल्यावर पहिली गोष्ट घडली ती भूगोलाची. फडात माणसाला दीड सरीपलीकडे दिसत नाही, पण तीस फुटांवरची पावले ऐकू येतात. डोळा तोकडा, कान लांब. बंगल्यात उलटे: हॉल पूर्ण दिसतो, जाड भिंतींपलीकडचे काही ऐकू येत नाही. पटकथा फडासाठी लिहिलेली, ती जशीच्या तशी बंगल्यात नेली. 'तो सरीतून मागे येतो' याचे 'तो पडद्यामागून येतो' झाले. पडद्यामागून येणारा खुनी प्रेक्षकाने हजारदा पाहिलेला असतो.

कॅमेरा भाड्याचा, सोनी एफएक्स३, दिवसाला लेन्ससह ६,५००. हा कॅमेरा लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर ठरवण्यासाठी फिके चित्र नोंदवण्याच्या पद्धतीत, १२,८०० आयएसओवरही स्वच्छ चित्र देतो. कॅमेरामनने पहिल्या चार रात्री फडात तेच वापरले आणि फड दिवसासारखा दिसला. प्रत्येक पान वेगळे, मागची विहीर दिसते, बांध दिसतो, नट कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो हे लख्ख कळते. रंगसंस्करणात, म्हणजे नंतर संगणकावर चित्राचे रंग ठरवताना, अंधार पुन्हा घालता येईल असे धरले होते. घातला. पण मागून काळे केलेले चित्र सपाट होते. मुळात प्रकाशच कमी ठेवून घेतलेला काळोख खोल दिसतो. अशा कॅमेऱ्यावर ६४० आयएसओ धरून दिवे मोजके लावले असते तर जुन्या कॅमेऱ्याची शिस्त आपोआप परत आली असती.

बिघाडाची खरी साखळी मात्र दिव्यांपासून सुरू होते. ६०० वॅटचे चार एलईडी घेतले. चारांना मिळून अडीच ते तीन किलोवॅट लागतात. शेतातल्या विजेचा रात्रीचा भरवसा नाही, बंगल्याच्या वायरिंगवर एवढा भार टाकायचा नव्हता. म्हणून जनरेटर आला. तो सव्वाशे फुटांवर ठेवला, मध्ये टेम्पो उभा केला, गाद्या लावल्या. तरी घूं-घूं माइकमध्ये येतच राहिली. दुसऱ्या रात्री निर्णय झाला: जाऊ दे, सगळे नंतर डब करू. त्या क्षणापासून जागेवरचा आवाज घेणे बंद झाले. मार्गदर्शक म्हणून कॅमेऱ्याच्या माइकवर जे आले तेवढेच. साधी एक मिनिटाची शांतता, जिला या धंद्यात रूम टोन म्हणतात, तीही कुठल्याच जागेची नोंदली गेली नाही.

डबिंग कोल्हापुरात झाले. नट माइकपुढे उभे राहून धापा टाकतात ते धापा टाकल्यासारखेच ऐकू येते. पळून आलेल्या माणसाचा श्वास शब्द मध्येच तोडतो, स्टुडिओत तो शब्द संपल्यावर येतो. सळसळ घेतली ध्वनिसंग्रहातली, ती मक्याची की बांबूची कुणास ठाऊक, पण उसाची नव्हती. उसाचा पाला कडेने खरबरीत असतो, एकमेकांवर घासताना किंचित कुरकुरतो. इस्लामपूर-कऱ्हाड पट्ट्यातल्या प्रेक्षकाचे कान या बाबतीत फसत नाहीत. आणि सिलिकॉनच्या मुखवट्याला नाकपुड्या मोकळ्या असल्यामुळे घरघर नाहीच. ती डबिंगमध्ये तोंडापुढे रुमाल धरून केली. दिव्यांच्या चार खोक्यांपासून निघालेली गोष्ट मालिकेच्या सगळ्यात ओळखीच्या आवाजापर्यंत येऊन पोचली. १४ लाखांत आवाजाचा एकूण खर्च ६० हजार, चार टक्क्यांच्या थोडा वर.

दिवे ठेवूनही हे टाळता आले असते. दृश्य जनरेटरवर घ्यायचे, मग जनरेटर बंद करून त्याच नटांकडून त्याच जागी, अंधारात, तेच दृश्य फक्त आवाजासाठी पुन्हा करून घ्यायचे. एका दृश्याला दहा मिनिटे लागतात.

सिलिकॉनच्या मुखवट्याने आणखी एक त्रास दिला. वीस मिनिटांपलीकडे तो घालवत नव्हता. घामाने कडेची चिकटपट्टी सुटायची, हनुवटीपाशी फुगा यायचा. दिवे अंगावर आले की तो चकाकायचा. पावडर मारून चकाकी घालवता येते, पण दर टेकला मारावी लागते, आणि सहाव्या दिवसानंतर कुणी मारत नव्हते.

रक्ताचेही असेच. पहिल्या भागात ते जवळच्या गुऱ्हाळातल्या काकवीचे होते. सातशे मिली काकवी, दोनशे मिली कोमट पाणी, चार चमचे लाल खाद्यरंग, दाटपणाला चमचाभर मैदा. काकवीचा मूळ रंग तपकिरी, त्यामुळे लाल त्यात बसतो आणि पांढऱ्या दिव्यातही रक्त रक्तासारखे दिसते. तोटा एकच, पंधरा मिनिटांत मुंग्या. नटाखाली प्लास्टिक अंथरून दोन टेकमध्ये कोमट पाण्याच्या फडक्याने पुसत राहावे लागते. दुसऱ्या भागात मुंग्यांना कंटाळून लिक्विड ग्लुकोजमध्ये नुसता लाल रंग घातला. दिवसाच्या रंगाच्या एलईडीखाली ते गुलाबी दिसले, सरबतासारखे. त्यात चमचाभर कोको आणि निळ्या रंगाचे दोन थेंब पडायला हवे होते. थिएटरमध्ये ज्या दृश्याला सगळ्यात मोठा हशा आला ते हे.

दुसरा हशा कोयत्याला. दोन कोयते होते: जवळच्या शॉटसाठी धार घासून बोथट केलेला लोखंडी, आणि अंगावर मारण्यासाठी दहा मिलिमीटरच्या फोमचा, चंदेरी रंगाचा. फोमचा कोयता फक्त वेगात असताना दाखवायचा असतो. जिन्यावरच्या लांब शॉटमध्ये खुनी तो हातात घेऊन उभा राहतो आणि पाते हळूच झुकते. संकलनात हे दिसले होते. पण त्या जागी दुसरा टेकच नव्हता.

पटकथा: खुनाला कारण

दुसऱ्या भागात खून ११, मुखवटा सहाव्या मिनिटाला, आणि खुन्याचा भूतकाळ. तो म्हणे एका ऊसतोड मजुराचा मुलगा, लहानपणी फडातल्या आगीत भाजलेला.

सुरुवातीला काही मिनिटे मागच्या भागातली दृश्ये होती. दुसऱ्या भागात जुने चित्रीकरण घुसडायची खोड या प्रकारात जुनी आहे. अमेरिकेतल्या एका मालिकेचा १९८७ चा दुसरा भाग तर जवळजवळ निम्मा पहिल्याच भागातल्या दृश्यांचा आहे आणि आजही चेष्टेचा विषय आहे. इथे या दृश्यांचे नुकसान वेगळे झाले: प्रेक्षकाने आधी जुना, खोल अंधार पाहिला आणि लगेच नवा सपाट. तुलना टीमनेच करून दिली.

भूतकाळाची गोष्ट अधिक गंभीर. तोडीला बीडकडून, जतकडून माणसे येतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येतात, पालात राहतात. कोयता हे त्यांच्या पोटाचे हत्यार आहे आणि त्यांच्या मोजदादीचे एककही. पहिल्या भागात कोयता कुणाचाही होता. दुसऱ्यात तो 'त्यांचा' झाला. कऱ्हाडच्या खेळानंतर ऊसतोड टोळीच्या एका मुकादमाने बाहेर उभ्या असलेल्या दिग्दर्शकाला शांतपणे विचारले, "आमचीच पोरं दिसली व्हय सायेब तुमाला?" याचे उत्तर टीमकडे नव्हते, आजही नाही. भूतकाळ देण्याची गरज पटकथेला नव्हती. व्यापाऱ्यांनीही मागितली नव्हती. दुसरा भाग आहे तर 'काहीतरी उलगडले पाहिजे' या समजुतीतून ती आली.

फडाला आग लावायचे दृश्यही लिहिले होते. ते तोडीमुळे राहिले, हे बरेच झाले. डिसेंबरातल्या पाचटात धुराचे यंत्र लावणेसुद्धा धोक्याचे आहे, आणि वाऱ्याची दिशा फिरली तर शेजाऱ्याचा ऊस जळीत म्हणून कारखान्याच्या दरकपातीत जातो.

प्रदर्शन

थिएटरसाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, यूट्यूबला लागले नव्हते. ११ खुनांवर 'ए' मिळाले, अपेक्षेप्रमाणे. ते टीमला अपेक्षित नव्हते एवढेच. पहिल्या भागाचा प्रेक्षक आयटीआय आणि ज्युनिअर कॉलेजचा, सोळा-सतरा वर्षांचा. तो कायद्याने दाराबाहेर राहिला. टीव्हीवर 'ए' चित्रपट तसाच दाखवता येत नाही, त्यामुळे वाहिनीला विकण्याचे दारही बंद. खुनांची संख्या पटकथेच्या टप्प्यावर ठरते आणि प्रमाणपत्रही तिथेच ठरते. सेन्सॉर, डिजिटल प्रिंट आणि प्रक्षेपणाचे शुल्क मिळून १ लाख २० हजार, प्रसिद्धी दीड लाख.

सांगली, कऱ्हाड, सातारा अशा तीन पडद्यांवर एक आठवडा. टीमच्या वाट्याला ७१ हजार आले.

तीन महिन्यांनी यूट्यूबवर टाकला तेव्हा पहिल्या आठवड्यात १ लाख ३० हजार वेळा पाहिला गेला आणि तिथेच थांबला. थंबनेलवर गुलाबी रक्त असल्यामुळे व्हिडिओवर वयाचे बंधन आले आणि जाहिराती जवळपास गेल्या. प्रेक्षक किती वेळ टिकला याचा आलेख यूट्यूब देते, तो पाहण्यासारखा आहे. उतार दोन ठिकाणी कड्यासारखा: जुनी दृश्ये चालू असताना तिसऱ्या मिनिटाला, आणि मुखवटा दिसल्यावर सातव्या. गाण्यापाशी नाही. गाण्यापर्यंत पोचलेले लोक गाणे पाहतात. गाण्यावर सगळा दोष टाकायची टीमची तयारी होती, आलेखाने ती सोय ठेवली नाही.

दुरुस्ती

वर्षभराने संकलकाने स्वतःहून चित्रपट पुन्हा कापायला घेतला. १०४ मिनिटांचा ८१ झाला. जुनी दृश्ये, भूतकाळ, गाणे आणि पाच खून गेले. मुखवटा सहाव्या मिनिटावरून ४३ व्यावर ढकलला. आधीच्या शॉटमध्ये चौकट आवळून त्याला बाहेर ठेवले, फक्त खांदा आणि कोयत्याची मूठ उरली. मोठ्या रिझोल्युशनमध्ये घेतल्यामुळे हे शक्य झाले. महागड्या कॅमेऱ्याचा एवढा एक उपयोग झाला म्हणायचा.

मग आवाज. नोव्हेंबरात दोन रात्री, सात ते बारा, दवाच्या आत, एका फडात फक्त आवाज नोंदला: सरीतून चालणे, पळणे, थांबणे, पाला हाताने बाजूला सारणे, आणि जुना बारदानाचा मुखवटा घालून श्वास. बरोबर गमबूट, बांधावर बॅटऱ्या घेतलेली दोन माणसे. या तालुक्यात बिबट्या आणि घोणस या गोष्टी पटकथेतल्या नाहीत, खऱ्या आहेत. एकूण खर्च ६२ हजार. बंगल्यातल्या दृश्यांखाली बाहेरची सळसळ हलकी लावली, जणू खिडकीपलीकडे फड आहे. जमले ते निम्मेच. जिन्यावरचा झुकणारा कोयता आहे तिथेच आहे. नवी आवृत्ती पाहणाऱ्यांची संख्या मोठी नाही, पण पाहायला बसलेले बहुतेक शेवटपर्यंत बसतात.

व्यापाऱ्यांना ती दाखवली. ते म्हणाले, "आता भ्या वाटतंय. पण माझं गाणं कुटं गेलं?"

तिसऱ्या भागाची तयारी

टीमने यावेळी आधी चिटबॉयला गाठले. दीड एकराचा फड ठरला, रस्त्यापासून आत, म्हणजे पाऊस झाला तरी तोड पुढे यायची भीती कमी. मालकाशी कागद झाला: कडेचा २० गुंठ्यांचा पट्टा टोळीने शेवटी घ्यायचा, आणि तोड मध्ये थांबवावी लागली तर टोळीच्या खाड्याचे पैसे टीमने मुकादमाच्या हातात रोख द्यायचे. पोलीस ठाण्याला रात्रीच्या चित्रीकरणाचे आणि कोयत्यांचे लेखी पत्र आधीच गेले आहे. जनरेटर नाही, दिवे पुन्हा बॅटरीवर. मुखवटा बारदानाचा. रंगभूषाकार आता थकले आहेत, त्यांनी खळ कशी शिजवायची ते मुलाला दाखवून ठेवले.

पटकथा पाच रात्रींची आहे. पहिल्या रात्री फड पूर्ण उभा, पाचव्या रात्री सहा सऱ्या. टोळीतल्या दोघांना कामे दिली आहेत, आणि त्यातली बाई शेवटपर्यंत जिवंत राहते. चित्रीकरणाची तारीख अजून टाकलेली नाही. ती कारखान्याची तोडचिठ्ठी, म्हणजे तोडीची परवानगी, आल्यावर पडेल.